वजा चौसष्ट किलो

४ जानेवारी

भुंग्या,

फोनवर तू "हो हो मावशी" म्हणतोस आणि मागे ग्राइंडर चालू असतो. आठवड्याने परत विचारतोस, "काय म्हणाली होतीस गं?" म्हणून हे पत्र. तेही गॅरेजच्या पत्त्यावर, घरच्या नाही. तुझी आई माझी मोठी बहीण आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे, पण दुसऱ्याचं पाकीट वाफेवर धरून उघडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

मुद्द्याचं सांगते. माझी मोटारसायकल शुक्रवारी ट्रकवर चढवून तुझ्याकडे पाठवते आहे. तिच्यावरचं सगळं उतरव. लांबच्या प्रवासाची गाडी म्हणून आधी कंपनीने आणि नंतर मी जे जे लटकवलं ते सगळं. बाजूचे दोन बॉक्स, मागचा बॉक्स, कॅरिअर, पाठ टेकायची उशी, पुढची काच, रेडिओ आणि रेडिओचे दोन भोंगे. आमच्या टोळीतली तरणी मंडळी तिला 'सोफा' म्हणतात. परवा एकीने विचारलं, "मावशी, सोफ्याबरोबर टीपॉय नाही का मिळाला?" मला सडपातळ, स्वच्छ दिसणारी गाडी हवी आहे. फॅशन म्हणून. दुसरं काही कारण नाही.

दोन अटी. काढलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन करून मला कळवायचं. मी तीस वर्षं वजनकाट्यावर बसून ट्रक तोलले आहेत, अंदाजे बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आणि गाडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत हवी. तेवीस मार्चला टोळीची वार्षिक फेरी निघते, आठ दिवस डोंगरात. आदल्या दिवशी बस डेपोच्या मागच्या पटांगणात परीक्षा. तू विसरला असशील तर आठवण करून देते. प्रत्येकाने आपली गाडी सगळ्यांदेखत आडवी पाडायची आणि एकट्याने उचलून उभी करायची. जमलं नाही तर फेरीला यायचं नाही. डोंगरात पडलात आणि टोळी पुढच्या वळणाला गेलेली असली तर उचलणार कोण?

नियम मीच केला. नावांची वही माझ्याकडे असते आणि नाव खोडायचं लाल पेनही. अकरा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या दंतवैद्याचं नाव मी खोडलं. तीनदा जोर लावला त्याने, गाडी जमिनीवरून हलली नाही. उद्या मला उचलता आली नाही तर मी माझं खोडेन. मग घरी बसून भरतकाम शिकेन आणि तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला उशीचा अभ्रा पाठवेन. तेव्हा कामाला लाग.

मावशी


१५ जानेवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण गॅरेजच्या फरशीवर काय काय सांडलेलं असतं ते तुला माहीत आहे. उभ्यानेच घे.

गाडी आली. पहिला प्रश्न, ट्रकवर का? अडीचशे किलोमीटर म्हणजे तुझ्यासाठी कोपऱ्यावर जाऊन दूध आणणं. दुसरा प्रश्न, तुझ्या अक्षराला काय झालं? पत्र वाचायला मी शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात त्याची हयात गेली, त्यालाही 'टीपॉय' लागला नाही.

तिसरा प्रश्न जरा गंभीर आहे. डाव्या बाजूच्या लेग गार्डवर, म्हणजे पायाच्या पुढे जो जाड नळीचा कमानीसारखा दांडा असतो ना, त्यावर मी सतरा खुणा मोजल्या. गाडी धावताना पडली की ओरखडा लांब उमटतो. हे नुसते ठसे आहेत, एकावर एक. म्हणजे गाडी उभ्या जागी पडली, तीही सतरा वेळा. आणि गार्डच्या नटांमध्ये चक्क कापूस अडकलेला आहे. मावशी, राग मानू नकोस, पण डोळे तपासून घे. मला वाटतं तू गेटमधून आत येताना कशाला तरी टेकतेस. कापसाचं मात्र कोडं सुटलं नाही. गाडीला गादीवर झोपवतेस का?

आता कामाचं. तुला काय सांगू, काल तिचे बॉक्स काढले आणि मी दहा मिनिटं नुसता स्टुलावर बसून राहिलो. त्या सगळ्या सामानाखाली इतकी देखणी गाडी होती! टाकीची रेघ सीटपर्यंत अशी सरळ जाते, की वाटतं कोणी एका दमात काढली असेल. बॉक्स आणि त्यांचे सांगाडे अठरा किलो. मागचा बॉक्स, कॅरिअर आणि उशी तेरा. काच, तिच्याभोवतीचं प्लास्टिक आणि रेडिओ अकरा. भोंग्यांमध्ये एका पाखराने घर केलं होतं, ते वजनात धरलेलं नाही.

लेग गार्डही काढू का? काढला तर आठ किलो जातील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन पहिल्यांदा पूर्ण दिसेल. आत्ता ते पिंजऱ्यातल्या अस्वलासारखं दिसतं.

तुझा,
भुंगा


२४ जानेवारी

भुंग्या,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ट्रक का, तर रस्ता उखडलेला आहे. अक्षर का, तर पत्र बसमध्ये लिहिलं. हेही बसमध्येच लिहिते आहे, मला अलीकडे बसचा प्रवास फार आवडतो. डोळे ठणठणीत आहेत. तुझ्या फोटोत तुझा टक्कल पडायला लागलेला भाग मला चष्म्याशिवाय दिसला. कापूस शेजाऱ्यांच्या गादीचा. त्यांनी ती माझ्या अंगणात उन्हात टाकली होती. सतरा खुणांचं म्हणशील तर मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा नट खोल.

अठरा, तेरा आणि अकरा मिळून बेचाळीस झाले. एवढ्याने भागणार नाही. आणखी काढ. लेग गार्ड काढ. दोन सायलेन्सरऐवजी एक बसव. सीट पातळ कर. जो बोल्ट निघतो तो काढ, जो निघत नाही त्याला विचार की तू इथे का आहेस. रेघ कुठून कुठे जाते ते मला सांगू नकोस, किलो सांग.

ताई विचारते का माझ्याबद्दल? विचारलं तर सांग, मावशी एकदम मजेत आहे, बसने फिरते.

मावशी


१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आईने विचारलं. मी सांगितलं, "मावशी बसने फिरते." ती पोळपाट खाली ठेवून म्हणाली, "तिला बरं नाही का?" मी डबा उचलून गॅरेज गाठलं.

गाडी तयार आहे. किलो आधी सांगतो, नाहीतर पत्र फाडशील. लेग गार्ड आठ. सायलेन्सर सात. सीट आणि मागचा लांब मडगार्ड मिळून चार. मधला स्टँड तीन. एकूण चौसष्ट किलो उतरले. तू दोन महिने उपाशी राहिलीस तरी एवढं उतरणार नाही.

आता दोन वाक्यं दिसण्याबद्दल, ती तुला वाचावीच लागतील. लेग गार्ड ज्या कानांवर बसायचे ते लोखंडी कान मी ग्राइंडरने उडवून सांगाडा गुळगुळीत घासला. आता बोट फिरवलं तरी तिथे काही होतं असं कळत नाही. मोठा शिंगाळा हँडल काढून बुटका सरळ हँडल बसवला. लांबून पाहिलं तर धावायच्या तयारीत दबा धरून बसलेलं जनावर वाटतं. माझ्या हातून आजवर एवढं स्वच्छ काम झालेलं नाही. खरंच सांगतो, गाडी झाकून ठेवली की मला करमत नाही.

पाठवायला थोडा वेळ लागेल. टाकीचा रंग वाळायचा आहे. हवा दमट आहे. रंग फार हळूहळू वाळतो आहे.

भुंगा


२२ फेब्रुवारी

भुंग्या, लबाडा,

तुझा रंग कुठे वाळतो आहे ते मला कळलं. कसं कळलं ते ऐक.

गेल्या सोमवारी माझी दाढ ठणकायला लागली. गावात दंतवैद्य एकच, ज्याचं नाव मी खोडलं होतं तो. अकरा वर्षं मी दात इतके जपले की टूथब्रश बनवणाऱ्यांनी माझा सत्कार करायला हवा. पण दाढेला मान-अपमान कळत नाही. गेले. बाहेरच्या खोलीत एक ताजं साप्ताहिक पडलं होतं, वेळ जावा म्हणून चाळलं, आणि सत्तेचाळिसाव्या पानावर माझी गाडी! दिव्यांच्या झोतात, गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर! खाली लिहिलंय, "नव्या कारागिरांच्या प्रदर्शनात लक्षवेधी ठरलेली निर्मिती." बाजूला तू, इस्त्रीचा शर्ट घालून. मालक म्हणून कुणाचंही नाव नाही. मी वीस वर्षं तिच्यावर बसले, ते काय अंडी उबवायला?

तेवढ्यात आत बोलावणं आलं. मी खुर्चीत. त्याने दिवा खाली ओढला, माझ्या तोंडात आरसा, नळी आणि कापसाचे दोन बोळे घातले आणि अकरा वर्षांचं बोलणं सुरू केलं.

"मोठं करा. त्या दिवशी माझ्या बॉक्समध्ये काय होतं, आठवतंय का?"

"आँ."

"टोळीतल्या सगळ्यांची हत्यारं होती. दोन तंबू होते. आणि तुमचा स्टोव्ह होता, सिलिंडरसकट. तुमच्या बॉक्समध्ये जागा नाही म्हणून तुम्हीच आणून ठेवला होतात. आता जीभ बाजूला घ्या. तेवढ्या वजनासकट मी गाडी उचलायची, आणि तुम्ही आपले बॉक्स उतरवून रिकामी उचलून दाखवायची. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण सगळ्यांसमोर कुरकुर करणं बरं दिसत नाही. दुखतंय का?"

"आँ!"

"थोडं दुखणारच."

काय बोलणार सांग? बाहेर येऊन बोलता आलं असतं, तर अर्धं तोंड बधिर. मी "बघू" म्हणायला गेले आणि त्याच्या सदऱ्यावर पाणी सांडलं.

गाडी ताबडतोब पाठव. चौथऱ्यावर गोल फिरणारी गाडी मला डोंगरात काय कामाची? परीक्षेला एकच महिना उरला आहे आणि मला सराव हवा आहे.

मावशी


२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

चुकलो. शंभर वेळा चुकलो. नावाचं म्हणशील तर छापणाऱ्यांनी जागा कमी म्हणून काढलं, हे खरं आहे, पण तुला न विचारता गाडी नेली हेही खरं आहे. पाच वर्षं मी लोकांच्या गाड्यांचे क्लच बदलतो आहे. पहिल्यांदा कोणीतरी गॅरेजचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी मला तुला फोन करायचा होता, पण केला तर तू पहिलं विचारलं असतंस, "रंग वाळला का?"

गाडी आज सकाळी ट्रकवर चढवली. दोरांखाली माझी स्वतःची रजई घातली आहे. आईला सांगितलं, रजई धुवायला टाकली.

एक विचारतो. सराव कशाला हवा? दरवर्षी तू गाडी उचलतेस आणि वर हात झटकून "पुढचा" म्हणतेस. मला आठवतं, मी दहा वर्षांचा असताना तूच शिकवलं होतंस. पडलेल्या गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकून बसायचं, एक हात हँडलला, एक मागे, आणि हातांनी नाही तर पायांनी ढकलत मागे मागे चालायचं. आता तर चौसष्ट किलो कमी झाले. तू ती काखेत घालून नेशील.

भुंगा


९ मार्च

भुंग्या,

गाडी सुखरूप आली. सुंदर आहे. हे मी एकदाच लिहिणार, तेव्हा कागद जपून ठेव. लगेच जुन्या वजनकाट्यावर नेली. माझ्या खुर्चीवर आता जो बसतो तो म्हणाला, "मावशी, यावर दहा किलोच्या खालचा फरक दिसत नाही." मी म्हटलं, मला साठच बघायचेत. पूर्वी तीनशे तीस दाखवायचा, आता दोनशे सत्तर. घरी येईपर्यंत मी गाणं म्हणत होते.

अंगणात गादी टाकली, गाडी डाव्या अंगावर पाडली, पाठ लावली, ढकलली.

हलली नाही.

पाच दिवस झाले. रोज सकाळी तेच. जुनी, जड होती तेव्हा निम्मी तरी वर यायची आणि मग माझा जोर संपायचा. ही तर सुरुवातच करू देत नाही. जमिनीला अशी सपाट चिकटते की खाली हातही जात नाही. माझंच काहीतरी संपलं असणार.

आता बस वगैरे पुरे. हे पत्र घरात, टेबलाशी बसून लिहिते आहे, तरी अक्षर तसंच, कारण मी डाव्या हाताने लिहिते आहे. सप्टेंबरमध्ये पेट्रोल पंपावर, रांगेत उभी असताना, काही कारण नसताना गाडी कलली. धरायला गेले आणि उजवा खांदा गेला. ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस मैत्रिणीकडे राहायला गेले होते ना, ती मैत्रीण म्हणजे हॉस्पिटल. ताईला कळलं असतं तर तिने आधी रडून घेतलं असतं आणि मग गाडी विकली असती. डिसेंबरपासून मी गादीवर सराव करते आहे. सतरा खुणा त्याच्या. एकदाही मला पूर्ण उचलता आली नाही, दर वेळी शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. म्हणून फॅशन सुचली.

नियम माझाच आहे, तो मी माझ्यासाठी वाकवणार नाही. त्या दंतवैद्याच्या बाबतीत एकदा चुकीच्या बाजूने कडक झाले, आता निदान बरोबर बाजूने होते. स्टोव्ह त्याच्या बॉक्समध्ये आहे हे मला त्या दिवशीही माहीत होतं. परीक्षा चालू झाली, सगळे बघत होते, माझ्या तोंडून "थांबा, आधी सामान काढा" एवढं निघालं नाही. गंमत बघ, अकरा वर्षं मला त्याचा राग येत होता.

बावीसला मी पटांगणात जाईन, वही उघडेन आणि पहिलं नाव खोडेन. तुला अभ्र्यावर मोर हवा की पोपट?

मावशी


११ मार्च

मावशे,

मोर नको, पोपट नको. लाल पेनाला टोपण घाल आणि नीट वाच. तुझं काही संपलेलं नाही. मूर्ख मी आहे.

लेग गार्ड! जुनी गाडी पडायची तेव्हा ती त्या दांड्यावर आणि बॉक्सवर टेकायची. म्हणजे पडूनसुद्धा तिरकी, अर्धी उठलेली असायची. उरलेलं तू उचलायचीस. मी दांडा काढला, बॉक्स काढले, आणि आता ती पडते ती पार जमिनीपर्यंत. वजन कमी झालं, पण सगळ्यात अवघड पहिली वीत तुझ्या वाट्याला आली. भरीला बुटका हँडल. रुंद हँडल म्हणजे लांब पहार, हा म्हणजे चमचा. पाच वर्षं मेकॅनिक म्हणवतो मी, आणि पडलेल्या गाडीचा विचारच केला नाही. मी ती फक्त उभी बघितली. प्रदर्शनात गाड्या पडत नाहीत.

तूही कमाल केलीस. "फॅशन" म्हणालीस! एका ओळीत "खांदा" लिहिलं असतंस तर मी त्या गार्डला हात लावला नसता. मी तुझे डोळे तपासायला सांगत बसलो.

तर, गार्डचे कान मी स्वतःच्या हाताने घासून टाकले, त्यामुळे जुना दांडा परत बसणार नाही. पण इंजिनमधून आरपार जाणारा एक लांब बोल्ट आहे. तुझ्या जुन्या कॅरिअरची नळी कापून मी वीतभर लांबीची दोन शिंगं केली आहेत, ती त्या बोल्टाच्या दोन टोकांना बसतात. गाडी पडली की शिंगावर तोलून तिरकी राहील. सोबत तुझा जुना रुंद हँडलही पाठवतो आहे. सगळं मिळून साडेतीन किलो. लग्नामुंजीच्या फोटोत देखण्या माणसाला कोणीतरी मागून बोटांची शिंगं करतं ना, तसं दिसेल. दिसू दे.

तू म्हणशील, परीक्षेत गाडी डावीकडेच पाडायची असते, मग डावं शिंग पुरे, उजव्याचे सव्वा किलो कशाला? ते चालणार नाही. एका शिंगाची गाडी माझ्या गॅरेजचं नाव लावून रस्त्यावर फिरणार नाही. हा एवढा एक हट्ट माझा. दोन्ही लाव.

बोल्ट भक्कम आवळायचा आहे, तुझ्या खांद्याला झेपणार नाही. कोणाला तरी बोलाव. अहंकार घरात ठेवून बोलाव.

भुंगा

ता. क. आईला मी काही सांगितलेलं नाही. पण तुझं नऊ तारखेचं पत्र वाचून, परत चिकटवून मी घरी टेबलावर ठेवलं होतं आणि आज पाकिटाचा गोंद ओलसर वाटतो आहे. ती सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही आणि तुझ्यासाठी लोकरीचा खांदापट्टा विणायला घेतला आहे.


२३ मार्च, पहिल्या मुक्कामावरून

भुंग्या,

गुडघ्यावर पाटी घेऊन लिहिते आहे, समोर डोंगर आहे. एवढ्यावरून तुला कळलं असेल, पण सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही.

तुझं पार्सल सोळाला आलं. बोल्ट आवळायला कोणाला बोलावणार? गावात बारीक स्क्रू बसवण्याची सवय असलेला एकच माणूस. मी दवाखान्यात गेले, खुर्चीत बसले नाही, उभ्यानेच म्हटलं, "स्टोव्हचं मला माहीत होतं. तुमची चूक नव्हती." त्याने हातातला चिमटा ठेवला. म्हणाला, "हे तोंड बधिर नसताना बोलताय ना?" म्हटलं, "हो." मग संध्याकाळी आला, शिंगं बसवली, हँडल बदलला. पाना फिरवताना सवयीने गाडीला विचारतो कसा, "दुखतंय का?"

सरावाला पाच दिवस मिळाले. सोळाला नाही, सतराला नाही. अठराला निम्मी आली. एकोणीसला आणि वीसला खांद्याने संप केला. एकवीसला मी गाडीला हात लावला नाही. तेव्हा बावीसला पटांगणात गेले ती एकदाही पूर्ण न उचलता गेले, हे लक्षात घेऊन पुढचं वाच.

टोळीतले दहाही जण आले होते. गाडी बघून ती टीपॉयवाली म्हणाली, "मावशी, सोफ्याचा सांगाडाच राहिला!" दंतवैद्य लांब कुंपणापाशी उभा होता. वहीत पहिलं नाव माझं. गाडी डावीकडे पाडली. शिंगावर टेकली, तिरकी राहिली. पाठ लावली. मनात म्हटलं, चार महिने या बयेने मला छळलं, आज काय व्हायचं ते होऊ दे, आणि असेल नसेल तेवढा जोर पायांत घालून ढकललं.

अरे, उठली! उठली ती थांबेचना! मी जोर लावला होता तीनशे तीसच्या हिशेबाने आणि गाडी दोनशे सत्तरची. उभी झाली आणि तशीच पलीकडे उजव्या अंगावर धाडकन पडली. मी पाठमोरी, मला कळलं तेव्हा माझ्यामागे आधाराला काहीच नव्हतं. गाडीच्या अंगावर बसकण मारली.

कोणी हसेना. हसले असते तर बरं झालं असतं. एक जण मदतीला धावला, मी म्हटलं, "हात लावशील तर वही माझ्याकडे आहे." उभी केली ती टिकली नाही, म्हणजे उचललीच नाही. उठले. फिरून पलीकडे गेले. आणि बघते तर काय, उजव्या अंगावर पडलेली गाडीही तिरकी टेकून राहिलेली. तुझं ते शोभेचं शिंग! वाकलं होतं, पण सोडलं नव्हतं. ते नसतं तर मी तिथेच लाल पेन उघडलं असतं. तुझ्या दिसण्याच्या वेडाला मी काय काय बोलले असेन ते सगळं मागे घेते. टकलाचं सोडून.

या वेळी शहाणपण आलं. उजवीकडे पडलेल्या गाडीचा बाजूचा स्टँड वर मोकळा असतो, तो आधी बाहेर काढला, म्हणजे वर आली की त्यावर टेकेल. पाठ लावली. हळूहळू, एकेक पाऊल. खांदा ओरडत होता, त्याला म्हटलं ओरड. गाडी आली, कलली, स्टँडवर टेकली आणि उभी राहिली.

मी हात झटकले, "पुढचा" म्हणाले, आणि माझा आवाज फाटला. मग हसले सगळे.

कुंपणापासून दंतवैद्य ओरडला, "दोन्ही बाजूंनी उचलायचा नियम कधी झाला?" मी म्हटलं, "पुढचा म्हणजे तुम्ही. गाडी कुठे आहे?" तर पठ्ठ्याने ती डेपोच्या भिंतीआड आणूनच ठेवली होती, अकरा वर्षांची धूळ पुसून. या वेळी त्याचे बॉक्स मी स्वतः उघडून रिकामे आहेत ते बघितलं. त्याने पाडली आणि उचलली. गाडीपेक्षा त्याचे गुडघे जास्त वाजले. वहीत नाव परत घातलं, लाल पेननेच, दुसरं नव्हतं.

आज सकाळी निघायच्या वेळी मी सामान घेऊन बाहेर आले आणि माझ्या लक्षात आलं की तू माझे सगळे बॉक्स काढलेस. कपड्यांची पिशवी पाठीला बांधली. बाकीचं हातात घेऊन मी त्या देखण्या, स्वच्छ, गुळगुळीत गाडीभोवती दोन चकरा मारल्या. अडकवायला तुझ्या शिंगांखेरीज काही नाही.

दंतवैद्य आपल्या गाडीवर बसून बघत होता. उतरला, आपला डावा बॉक्स उघडला आणि झाकण धरून उभा राहिला.

तर उजवं शिंग वाकलेलं आहे, ते सरळ करायला पाठवणार नाही. ताईला सांग, खांदापट्टा उबदार आहे. आणि स्टोव्ह पुन्हा त्याच्याकडे आहे. आत्ता त्यावर चहा होतो आहे, करणारा विचारतोय साखर किती. त्याला काय सांगायचं? माझे दात त्याच्याच ताब्यात आहेत म्हणा आता.

मावशी